केस न विंचरता बसवलेली आई

आईला पार्किन्सन्स झाला. तिला घरात एकटं सोडणं अशक्य झालं तेव्हा मी नोकरी सोडली आणि अमेरिकेतल्या आमच्या सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये दिवसभर तिच्यापाशी राहू लागले. इथे एक बरं आहे, घरच्याच माणसाने सांभाळलं तरी त्या तासांचा मोबदला सरकार देतं. पण तास आधी मंजूर व्हावे लागतात, त्यासाठी काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीची बाई घरी येऊन पेशंटला स्वतःचं किती करता येतं ते बघते. ते मिळाले नसते तर मला पुन्हा नोकरी धरावी लागली असती आणि आईला नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं असतं.

बाई येणार म्हटल्यावर मी शहाणीने काय करावं? घर घासूनपुसून लख्ख केलं, आईला न्हाऊ घालून इस्त्रीची साडी नेसवली, पोहे केले. जणू मुलगी बघायला येणार होते! आणि आमच्या मातोश्री माझ्याही वरताण. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. अंघोळ? आय मॅनेज. जेवण? आय मॅनेज. बाई पोहे खाऊन खूश होऊन गेली आणि आठवड्याभरात नकाराचं पत्र आलं. मी आईवर अशी उखडले की विचारू नका. ती एवढंच म्हणाली की परक्या माणसापुढे रडगाणं गायचं नसतं.

मी अपील केलं. बाई पुन्हा यायची होती त्या सकाळी मी आईचे केस विंचरले नाहीत. अंगावर कालचाच गाऊन, त्यावर वरणाचा डाग. तिने दोनदा फणी मागितली, मी ऐकलंच नाही असं दाखवलं. आज तू गप्प बसायचंस, असं दटावून ठेवलं. मग बाईसमोर मी तिचं सगळं उघडं केलं, डायपरपासून कवळीपर्यंत. सगळं खरं होतं, एक सोडून. मी सांगितलं की तिला चमचा तोंडापर्यंत नेता येत नाही. खरं तर ती स्वतःच्या हाताने जेवायची. तासभर लागायचा, अर्धं मांडीवर सांडायचं, पण मला भरवू द्यायची नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. ती नजर अजून माझी पाठ सोडत नाही. स्वयंपाकघरात एकटी असले तरी मागे वळून बघते.

तास मंजूर झाले. मी नाचायचीच बाकी होते. दुपारी तिच्यापुढे वरणभात ठेवला, तर तिने चमचा उचलला नाही. रुसली असेल, मला वाटलं. बराच वेळ गेला तशी मी वैतागले.

"आई, जेव ना. गार होतंय."

"ती बाई अचानक आली तर? मी जेवताना दिसले तर तू खोटी पडशील," ती शांतपणे म्हणाली आणि तिने तोंड उघडलं.

मी भरवलं. दुसऱ्या दिवशीही भरवलं. खरं सांगते, लाज वाटली पण सुटल्यासारखंही वाटलं, वीस मिनिटांत जेवण उरकायचं. महिन्याभराने मात्र राहवेना. मी तिच्यापुढे हात जोडले, कुणी येत नाही गं म्हटलं आणि चमचा तिच्या हातात दिला. तिने मनापासून प्रयत्न केला. पण बोटं त्याच्याभोवती वळेनात.