नार्व्याहून दिवाडीला

डिचोलीत उतरलो, तर पुढच्या बसेस बंद. कोकणी-मराठीच्या आंदोलनात कुणीतरी रस्त्यावर झाड आडवं टाकलेलं. मला थांबायला वेळ नव्हता; संध्याकाळी माझी मुलगी सुधा पणजीला उत्तराची वाट पाहणार होती. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, नऊवारी आवरली आणि ती सरळ पायलटच्या (भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या) मागे बसली. मी दुसऱ्याच्या मागे.

आम्ही राजापूरकडचे कऱ्हाडे; पोर्तुगीजांनी बाटवायला सुरुवात केली तेव्हा आमचे पूर्वज दिवाडी बेटावरून होडीनं निसटलेले. सुधानं कारापूरचा सारस्वत मुलगा पसंत केला होता. घरात अक्काचा शब्द शेवटचा, आणि मासे खाणाऱ्यांत पोर द्यायला ती तयार नव्हती. तरी देवाच्या पायाशी जाऊन आल्याशिवाय नकार कळवायचा नाही, असं तिनंच ठरवलं.

नार्व्याचा सप्तकोटेश्वर म्हणजे कदंब राजांचं दैवत, आणि आमचंही कुलदैवत. अक्का गाभाऱ्यासमोर बराच वेळ बसली आणि बाहेर आली ती जास्तच बेचैन होऊन.

"मूळ देऊळ नदीपलीकडे होतं ना? तिथं जाऊ."

होडीनं दिवाडी बेटावर गेलो. देऊळ पोर्तुगीजांनी कधीच पाडलेलं, देव तेवढा लोकांनी नार्व्याला नेलेला. झाडीत जुनी तळी तेवढी उरलेली. उन्हानं अक्काला घेरी आली. जवळच्या अंगणात भात वाळवणारी एक ख्रिस्ती म्हातारी धावत आली. तिनं अक्काला सावलीत बसवलं, पेजेची वाटी पुढे केली. अक्काचा हात पुढे होईना.

"आम्ही ब्राह्मण," अक्का पुटपुटली.

"आमीय बामणूच," म्हातारी हसली. "देव पलतडी (पलीकडे) गेलो, आमी हांगा (इथं) उरलीं."

अक्का तिच्याकडे पाहत राहिली. मग वाटी तोंडाला लावली, आणि दुसरी मागून घेतली.

कशाला आलात, या प्रश्नावर मी सगळं सांगून टाकलं. म्हातारीनं विचारलं, "भुरगो (मुलगा) कसो आसा?"

मी अक्काकडे पाहिलं. त्याला आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं.

डिचोलीला परत आलो तोवर रस्ता मोकळा झाला होता. पणजीच्या बसपाशी अक्का थबकली. "आधी कारापूर."

त्या घरी चुलीवर बांगड्याचं हुमण (आमटी) रटरटत होतं. आम्हाला पाहून मुलाची आई ओशाळली, घाईनं झाकण शोधू लागली.

"राहू द्या," अक्का पाटावर बसत म्हणाली. "मुलाला बोलवा. मला त्याच्याशी बोलायचंय."

पणजीला पोचायला उशीर झाला. अक्का वाटभर त्या मुलाबद्दलच बोलत होती. मी मात्र खिडकीतून काळोखी नदी पाहत विचार करत होतो: आमचे पूर्वज तेव्हा होडीत चढले नसते, तर आज अंगणात भात कोण वाळवत असतं?