चैती आजीचा पहिला घास

चैती आजी माझ्यामुळे गेली. लोक म्हणतात, जया, असं बोलू नकोस, म्हातारं माणूस होतं, व्हायचं ते झालं. बोलणाऱ्याचं काय जातं! वजनकाटा माझ्या हातात होता, त्यांच्या नाही.

मी भांडुपची. सर्वेक्षणाची कामं करते. कधी डासांचं, कधी शौचालयांचं, मिळेल ते. गेल्या हिवाळ्यात अपूर्वा मॅडमच्या संस्थेने मला घेतलं. बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यांवरची माणसं पूर्वी काय खायची आणि आज त्यातलं काय उरलंय, याचा अभ्यास होता. ज्यांचे पाडे उठवून त्यांना अंधेरीकडच्या एका सात मजली इमारतीत कोंबलं, ती घरं माझ्या वाट्याला आली. फॉर्मला बावीस रकाने. काल काय खाल्लं, किती खाल्लं, कुठून आणलं. नुसतं सांगून चालायचं नाही, मॅडमना शिजलेलं अन्न डोळ्यांनी बघून, काट्यावर तोलून हवं होतं.

आणि तोलायला होतं काय, डोंबल! रेशनचा भात, पातळ डाळ, पोरांच्या हातात कुरकुऱ्याची पाकिटं. पहिल्या चार मजल्यांवर मी एकच शब्द लिहीत गेले: नाही. नाही. नाही.

पाचव्या मजल्यावर चैती आजी राहायची, नात तेजलसोबत. तेजल मॉलमध्ये साफसफाईला जायची. आजी सत्तरीच्या पुढची, काटकुळी, मिश्री लावून लावून दात काळेभोर झालेले. चाळीस वर्षं तिने जंगलातली शेवळं, टाकळा, बांबूचे कोंब टोपलीत घालून बोरिवलीच्या बाजारात विकले. आता लिफ्ट बंद, म्हणून महिनामहिना खाली उतरत नव्हती. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात माती भरून तिने एक वेल लावला होता. तो ग्रीलवर चढला होता. "जमीन दिसत नाय गं बाय," ती म्हणायची, "तर जमिनीलाच वर आणली."

मी तिच्या नावापुढेही 'नाही' लिहायला घेतलं, तर तिने माझं मनगटच धरलं.

"काय लिवतंस?"

"आजी, तुमचं जुनं खाणं आता खात नाही, असं."

"कोन बोललं नाय खात? माझ्या आयशीनं खाल्लं, तिच्या आयशीनं खाल्लं. मी जिती हाय आनि तू नाय लिवतंस? त्यापरीस मेलेलं बरं!"

मी काय म्हणाले ठाऊक आहे? मी म्हणाले, "मग करून दाखव ना. गुरुवारी येते, काटा घेऊन." थट्टेत म्हणाले. पण मनात होतं की एक तरी रकाना भरला तर मॅडम खूश होतील. माझा स्वार्थ होता, खोटं कशाला बोलू?

मंगळवारी पहाटे आजी पाच जिने उतरून दोन बस बदलून जंगलात गेली आणि कडूकंद खणून घेऊन आली. हा कंद विषारी असतो. ते त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पातळ काप करायचे, राख घालून उकडायचे आणि टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे. पाणी विष घेऊन जातं. पाड्यावर असताना ओढा दारात होता. आता जंगलात संध्याकाळनंतर थांबू देत नाहीत. टोपली ओढ्यात ठेवून राखणार कोण? म्हणून आजीने घरातच काप केले, उकडले, आणि टोपली मोरीतल्या निळ्या पिंपात बुडवली. नळाला पाणी सकाळी चाळीस मिनिटं. दोन दिवसांत तिने पिंपातलं पाणी दोनदा बदललं. तिसऱ्यांदा बदलायला पाणीच नव्हतं.

हे सगळं मला नंतर कळलं. गुरुवारी मी ते पिंप बघितलं, टोपलीही बघितली, पण विचारलं नाही. फॉर्ममध्ये पाण्याचा रकाना नव्हता.

दुपारचे बारा वाजले होते. आजीने नवं लुगडं नेसलेलं, तेजलने सुट्टी घेतलेली. शेजारपाजारच्या बायकाही दारात गोळा झाल्या होत्या. किती महिन्यांनी त्या घराला घरपण आलं होतं, काय सांगू! मी ताटली काट्यावर ठेवली: एकशे ऐंशी ग्रॅम. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, तशी आजी हसली.

मी एक काप उचलायला गेले तर तिने फटकन हातावर मारलं. "थांब! पयला घास म्हाताऱ्याचा. ऊन त्या गॅलरीच्या कठड्यावरून उतरस्तवर दुसऱ्या कोनी तोंडाला लावायचं नाय." त्यांची रीतच तशी. सगळ्यांत वडील माणसाने आधी खायचं, बाकीच्यांनी थांबायचं. त्याला काही झालं नाही तरच ताटं वाढायची.

आजीने खाल्लं. दुसऱ्या घासाला थांबली. "जिभेला जरा चरचरतंय."

मी फॉर्ममध्ये डोकं घालून बसले होते. "होतं गं आजी, कितीतरी दिवसांनी खातेयस ना," मी म्हणाले. मी, भांडुपची शहाणी! माझ्या सात पिढ्यांनी कडूकंद बघितला नसेल. पण फॉर्मला पूर्ण ताटली हवी होती. आजीने माझ्याकडे बघितलं, ताटलीकडे बघितलं आणि सगळी संपवली.

ऊन अजून कठड्यावरच होतं. आधी लाळ गळायला लागली, मग उलट्या, मग हात आखडले. लिफ्ट बंद. तेजलने आणि मी तिला चादरीत घालून पाच मजले खाली आणलं. ती इतकी हलकी होती की मला रडू फुटलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं?" मला सगळं पाठ होतं. नाव, कुठून आणलं, किती ग्रॅम. ते म्हणाले, "धुतलं कशात? किती वेळ?" मी तेजलकडे बघितलं. तिने पिंपाचं सांगितलं. डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चैती आजी गेली. दारात थांबलेल्या बायका, तेजल, मी, सगळ्या जिवंत राहिलो. ती तिच्या रीतीने वागली म्हणून राहिलो.

मॅडम वाईट नाहीत. ऐकून त्या रडल्यासुद्धा. पण आठवड्याने म्हणाल्या, "जया, ही नोंद ठेवता येणार नाही. आपण करायला लावलेलं खाणं ते त्यांचं रोजचं खाणं नव्हे. शिवाय चौकशी लागेल." मी भांडले. "मॅडम, तिने त्याच्यासाठी जीव दिला!" असं ओरडले. माझ्यासमोर त्यांनी ती ओळ पुसली. अहवालाच्या कच्च्या प्रतीत त्या इमारतीपुढे छापलंय: पारंपरिक कंदमुळे, सेवन नाही.

मी काम सोडलं नाही. सोडायला हवं होतं. घरभाड्याची तारीख जवळ आली होती, एवढंच.

दहाव्याला मी गेले. गॅलरीतला वेल सुकला होता, कोणी पाणी घातलं नव्हतं. तेजलने चहा दिला आणि समोर बसली. म्हणाली, "ताई, जीभ वळत नव्हती तरी आजी एकच विचारत होती. 'त्या बायनं लिवलं का?' तू लिहिलंस ना गं?"

माझ्या पिशवीत अहवालाची ती प्रत होती.

"लिहिलं," मी म्हणाले. "एकशे ऐंशी ग्रॅम."