कारण विचारायचं नाही

आमच्या धाकटीच्या लाँड्रीत एकच नियम होता आणि तो भिंतीवर कुठेही लिहिलेला नव्हता. सुट्टी हवी असेल तर येऊन सांगायचं आणि घ्यायची. कशासाठी हवी, हे कोणी विचारायचं नाही.

धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको. घरात मी थोरली जाऊ. लाँड्रीत मात्र ती मालकीण आणि मी गठ्ठे मोजून टेम्पोत चढवणारी. ती घरी माझं ऐकते आणि मी तिथे तिचं ऐकते. निदान आम्ही दोघीही लोकांना तसंच सांगतो.

आमच्याकडे हॉटेलांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल येतात. चादरीच्या घडीला दोघी लागतात. समोरासमोर उभं राहून टोकं धरायची, ताणायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. एक नसली की दुसरी हातावर हात ठेवून उभी, म्हणून सुट्टीचं नाव काढलं की कुठल्याही लाँड्रीत सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या पडतात. धाकटीने त्यावर तोडगा काढला तो असा, की प्रत्येकीला सगळं काम शिकवलं. धुलाईवाली इस्त्रीच्या रोलरवर उभी राहू शकते, रोलरवाली घडीवर, आणि अडलंच तर मालकीण स्वतः टोकं धरते. मी तेव्हा म्हटलं होतं, बाई गं, कारण विचारलं नाहीस तर रोज निम्म्या जणी घरी बसतील. तसं काही झालं नाही. खोटं बोलायची गरज संपली तशा सुट्ट्या उलट कमीच झाल्या. मला माझे शब्द मागे घ्यावे लागले, आणि ते मला फारसं जमत नाही.

हा नियम तिने कुठल्या पुस्तकातून उचलला नव्हता. स्वतःचा धंदा काढण्याआधी ती दुसऱ्याच्या लाँड्रीत घडीवर होती. तेव्हा तिला दिवस गेले होते, आणि एका सकाळी कामावरच रक्त जायला लागलं. घरी जाते म्हणाली, तर तिथल्या सुपरवायझरने टेम्पोवाल्यांच्या देखत विचारलं, म्हणजे होतंय काय नेमकं? तिला नेमकं सांगावं लागलं. त्यातला एक जण हसला. मूल काही राहिलं नाही. पण त्या दिवसाची गोष्ट निघाली की ती आधी त्या हसण्याबद्दल बोलते आणि मग मुलाबद्दल.

लाँड्रीचा जम बसला तसा नियमाचाही बोलबाला झाला. धंदा करणाऱ्या दुसऱ्या बायका बघायला येऊ लागल्या. एकीने आपल्या बेकरीत तो लागू केला, एकीने कुरिअरच्या ऑफिसात. मग उद्योजिकांच्या मेळाव्यात भाषण करायचं आमंत्रण आलं. विषय होता ‘माणसांवर विश्वास ठेवून धंदा’. आमची धाकटी सहजासहजी हरभऱ्याच्या झाडावर चढणारी नाही, पण आरशासमोर उभी राहून बोलते, असं माझ्या दिराने मला हळूच सांगितलं.

मेळाव्याला पंधरवडा होता तेव्हाची गोष्ट. आमच्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात कसलीशी परिषद भरली होती आणि चादरी दुपटीने आल्या होत्या. त्यात सकाळीच रोलर बंद पडला, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मेकॅनिक खाली आडवा झालेला, बाहेर नुसते त्याचे पाय दिसत होते. त्याने मेन बटण बंद करायला लावलं, त्यामुळे बाकीची यंत्रंही थांबली. दारात हॉटेलचा माणूस उभा. तो चिडला वगैरे नव्हता. नुसतं एवढंच म्हणत होता, की नसेल झेपत तर सांगा, आम्ही दुसरीकडे बघतो. धाकटीचा निम्मा धंदा त्या एका हॉटेलवर चालतो.

तेवढ्यात टापटीप आली. हे तिला आम्ही ठेवलेलं नाव. तिने रचलेली चादरींची थप्पी बघितली की कळतं का ठेवलं ते. बोलायला कमी. नवऱ्यापासून वेगळी राहते आणि लेक शाळेसाठी आजीकडे असते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ती धाकटीला म्हणाली की तिला आता निघायला हवं, आज परत येणं होणार नाही.

धाकटी वळली आणि म्हणाली, "आजच? आजच काय काढलंस?"

रोज आपण घरात दहा वेळा असं बोलतो. जिभेला हाड नसतं. पण यंत्रं बंद होती आणि हॉलमध्ये ते सगळ्यांना ऐकू गेलं. मी गठ्ठा बांधत होते, माझा हात तिथेच राहिला.

टापटीपला काहीही सांगता आलं असतं. ताप आहे, पाहुणे आलेत, नळ गळतोय. दुसऱ्या कुठल्याही ठिकाणची बाई असती तर तिने तसंच केलं असतं. पण इतकी वर्षं कारण द्यावंच लागलं नव्हतं. खोटं कारण तयार ठेवायची सवयच आमच्या बायकांची मोडली होती. ती गोंधळली आणि तिच्या तोंडून खरं तेच निघालं.

"कोर्टात तारीख आहे," ती म्हणाली. "माझी लेक आज जजसाहेबांना सांगणार आहे, की तिला माझ्याजवळ राहायचं नाही, बापाकडे राहायचंय. ती सांगेल तेव्हा मी तिथे असायला पाहिजे."

हॉटेलच्या माणसाने मान खाली घातली. मेकॅनिक खालून बाहेर आलाच नाही. धाकटी म्हणाली, "जा, जा तू." पण ते इतक्या घाईत म्हणाली, की हाकलल्यासारखं वाटलं. टापटीपने हातातली चादर एकटीनेच कशीबशी घडी करून ठेवली आणि ती गेली. मला लाज वाटली. आपल्या माणसाची लाज वाटणं स्वतःच्या लाजेपेक्षा अवघड असतं, कारण तिच्यावर पांघरूण घालावं की तिच्यावर चिडावं हेच कळत नाही.

रोलर दुपारी सुरू झाला, माल वेळेत गेला, हॉटेल हातचं सुटलं नाही. धाकटीने मात्र त्या दिवशी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी टापटीप नेहमीसारखी आली. कोर्टात काय झालं ते तिने सांगितलं नाही, आणि आता विचारणार कोण? धाकटीने तिला केबिनमध्ये बोलावून माफी मागितली. मी दाराशीच होते. टापटीप म्हणाली, "असू द्या हो ताई. तुम्ही मालकीण. मालकीण विचारणारच." तिने ते समजुतीने म्हटलं होतं. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं धाकटी मला घरी म्हणाली.

पुढे जे झालं ते मला वाटतं माफीने मिटणारं नव्हतंच. बायका सुट्टी मागायला आल्या की न विचारता कारण सांगू लागल्या. एक म्हणाली सासूचे डोळे दाखवायचेत. एकीने घरमालक येणार असल्याचं सविस्तर सांगितलं, जिन्यावरून चाललेल्या भांडणासकट. एक तर ओटीपोटाच्या दुखण्याबद्दल सांगायला लागली, तेव्हा धाकटी दोन्ही हात वर करून म्हणाली, "नको, नको सांगूस." तिने सगळ्यांना जमवून पुन्हा सांगितलं की आपल्याकडे कारण लागत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पहिली जी आली ती कारण घेऊनच आली. आणि मागून सुट्ट्याही वाढल्या. कारणं तयार असली की ती वापरावीशी वाटतात.

मेळाव्याला जात नाही म्हणून धाकटी अडून बसली. कुठल्या तोंडाने बोलू, म्हणाली. मीच तिला ढकललं. म्हटलं, तिथे हॉटेलवाल्या बायका असतील, ओळखी होतील, आणि लोका सांगे ब्रह्मज्ञान सगळेच करतात. हे मी बोलायला नको होतं. आयोजकांनी कामगार बायकांनाही आणा म्हणून सांगितलं होतं. आम्ही टेम्पो सोडून व्हॅन केली. टापटीपला कोणी आग्रह केला नव्हता. ती आपणहून आली, केस नीट विंचरून.

भाषण चांगलं झालं. धाकटी ओळखीच्या वाक्यांवरून भराभर पुढे गेली, जुन्या सुपरवायझरचा किस्सा तिने गाळला. टाळ्या पडल्या. मग एक तरुण मुलगी उठली. तिने नुकताच शिलाईचा कारखाना काढला होता. खरंच शिकायचं म्हणून तिने विचारलं, "एवढ्या वर्षांत तुम्ही एकदाही कोणाला कारण विचारलं नाही? अगदी अडचणीतसुद्धा?"

धाकटीने आमच्या रांगेकडे पाहिलं. एकदा विचारलं, एवढे दोनच शब्द पुरले असते. कोणाला, कशाबद्दल, हे सांगायची गरज नव्हती. त्या मुलीच्याही काही कामाला आलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, सांग, सांगून टाक.

"नाही," धाकटी म्हणाली. "कधीच नाही."

मग आमच्या रांगेतून पहिली टाळी वाजली. ती टापटीपची होती. बाकीच्या बायकांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांनीही वाजवल्या. मग सगळ्या सभागृहाने वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. धाकटी स्टेजवर हातात गुच्छ धरून उभी होती आणि तिचे कान लालभडक झाले होते. ती वाचली होती, आणि तिला कोणी वाचवलं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

परतताना आम्ही सगळ्या व्हॅनमध्ये मागे बसलो होतो. धाकटी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. अर्ध्या वाटेवर टापटीप पुढे वाकली आणि म्हणाली, "ताई, उद्या अर्धा दिवस मला सुट्टी पाहिजे."

"घे," धाकटी म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. "कारण सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे."

"सांगते की," टापटीप म्हणाली. "आता लपवायचं काय राहिलंय?"

आणि तिने सांगितलं. कोर्टाने लेक बापाकडे दिली होती. महिन्यातून एकदा अर्धा दिवस भेटायची परवानगी होती आणि पहिली भेट उद्याच होती. लेक येईल की नाही ते माहीत नव्हतं, पण आपण जाऊन बसावं असं तिला वाटत होतं. भरल्या व्हॅनमध्ये तिने एकेक गोष्ट सावकाश सांगितली, हजेरी द्यावी तशी. धाकटीला शेवटपर्यंत ते ऐकावं लागलं.