आधी मऊ पॅड

आमच्या बाबांसारखा गाड्यांचा पॉलिशवाला शोधून सापडणार नाही. ओरखडा दिसला की ते त्यावरून नख फिरवतात. नख अडकलं तर ओरखडा खोल, मग गाडी रंगवायलाच पाठवायची. नाही अडकलं, तर आधी फोमचा मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. लोकरीचा पॅड आणि कंपाउंड, म्हणजे रंग खरवडणारी जाड पेस्ट, अगदीच नाइलाज झाला तर. "रंगावर एकदम जोर करायचा नसतो," हे त्यांनी मला शंभरदा ऐकवलंय. आईवर मात्र पहिल्यापासून जोरच.

परवा आईनं त्यांचा जेवणाचा डबा गिऱ्हाइकाच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला. बाबांनी तो उचलला, तर खाली केसाएवढा ओरखडा. त्यांनी तोच डबा तिच्या तोंडावर हाणला, झिंज्या धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. तिचा ओठ फाटला. मग ते बॉनेटवर वाकले, हळुवार नख फिरवलं आणि मला म्हणाले, "अडकत नाही गं. मऊ पॅड आण."

माझं डोकंच फिरलं. मी पॉलिशच्या मशीनला लोकरीचा पॅड लावला, जाड कंपाउंड थापलं आणि त्या ओरखड्यावर मशीन दाबून धरलं. बाबा धावून आले, माझ्या पाठीत बुक्के घालत राहिले. मी हलले नाही. रंग जळून खालचा पत्रा दिसला, तेव्हाच बटण बंद केलं.

म्हटलं, "बघा आता, नख अडकतंय का."