रखवालदाराचे दोन अर्ज

पोळ्याला अर्ज घेणारे व्यवस्थापक, अनंत चतुर्दशीला अर्ज घेणारे पोलीस अधिकारी आणि दसऱ्याला मी, असे आम्ही तिघे चौघांच्या मृत्यूला जबाबदार आहोत.

नव्वदच्या दशकात सातपूरच्या आमच्या कारखान्यात एक बंदूकधारी रखवालदार होता. तो मला म्हणाला, “काका, डोक्यातला राग आवरत नाही. बंदूक काढून घ्या, असं लिहा.” त्याच्या वतीने व्यवस्थापकांना आणि पोलिसांना, असे दोन्ही अर्ज मीच लिहिले. उत्तर आले नाही.

दसऱ्याच्या शस्त्रपूजेत त्याच बंदुकीला मी कुंकू लावले. कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्याला कोणी सोनेही दिले नाही, मीही नाही. आठवड्याभरात त्याने कारखान्यातल्या चौघांना गोळ्या घालून मारले. त्यांत माझा धाकटा भाऊ होता.

त्याचा गुन्हा अक्षम्यच आहे. पण शस्त्र परत देऊ पाहणाऱ्याकडून ते का घेतले नाही, हे त्या व्यवस्थापकांनी आणि पोलीस अधिकाऱ्यांनी चारही कुटुंबांसमोर जाहीरपणे सांगावे.