कढीपत्त्याच्या कुंडीतलं तवसं

बागेवरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी जागेवरूनही झाली नसतील. आई मुलुंडला तळमजल्यावर राहते. मागच्या दाराशी चार हात माती, त्यात अळू, शेवगा, पडवळ, वाल, सगळं एकमेकांच्या अंगावर. भावाची गोरेगावला गच्चीवर ड्रमची बाग. वांगी-टोमॅटो टोपल्या भरून, पण तेवढंच, आणि बी दरवर्षी पाकिटातलं. माझा बोरिवलीला खिडकीच्या ग्रिलमध्ये कढीपत्ता, पुदिना, मिरची. "तुझी बाग फोडणीपुरती गं," असं भाऊ सगळ्यांसमोर चिडवायचा. मेला!

आईचा खरा जीव तवशात, म्हणजे आमच्या कोकणातल्या जाडजूड काकडीत. लग्न होऊन मुंबईला येताना माहेरचं बी तिने पदराला बांधून आणलं होतं. माहेरी आता काजूची कलमं, तवसं कोणी लावत नाही. दरवर्षी ती एक चांगलं फळ वेलावरच पिकू देते, बिया राखेत घोळवते आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला थापून ठेवते, पुढच्या पावसापर्यंत.

मे महिन्यात ती माझ्याकडे राहायला आली. टांगून ठेवलेलं शेवटचं पिकलं तवसं घेऊन आली. मी त्याचं गूळ-रवा घालून धोंडस, म्हणजे आमच्याकडचा काकडीचा केक, केलं आणि आतला बियांचा गर कढीपत्त्याच्या कुंडीत ढकलून विसरून गेले. तिकडे भावाने आईला सरप्राइज म्हणून तिचं घर रंगवून घेतलं. भिंत खरवडून, पुट्टी मारून, झकास पिस्ता कलर!

आईला सोडायला मी बरोबर गेले होते. ती स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

"बियो खंय गेल्यो?"

"तो कचरा ना? पेंटरने काढला," रंग दाखवायला आधीच येऊन थांबलेला भाऊ म्हणाला.

वाट लागली. आई ओरडली असती तर परवडलं असतं. ती नुसती खाटेवर बसली आणि त्या दिवसापासून तिने भावाशी बोलणंच टाकलं. तो बियांची पाकिटं घेऊन आला, तिने हातही लावला नाही. मला दोघांचाही राग यायचा, आणि दोघांसाठी पोटात तुटायचंही.

पावसात माझ्या कुंडीत एक वेल वर आला. तण समजून उपटायला गेले, तर पानाची खरखरीत लव हाताला लागली. मे महिन्यात ढकललेला तो गर आठवला. आईला फोन केला. ती आली आणि चप्पल न काढताच खिडकीशी गेली.

"तवसाच आसा," म्हणाली, आणि पाऊस सरेपर्यंत मुक्कामच ठोकला.

पण फळं धरायची आणि पिवळी पडून गळायची. चौथ्या मजल्यावर मधमाशी कुठून येणार? मग आईने नराचं फूल खुडून मादीच्या फुलावर स्वतःच्या हाताने टेकवलं. ते फळ अंगठ्याएवढं झालं, मग मनगटाएवढं, आणि गळलं नाही. हुश्श! मी ग्रिलला धरून चक्क रडले.

ते तवसं कोणी खाल्लं नाही. फडक्याच्या झोळीत झुलत पिकू दिलं. आईने बियांच्या तीन वाटण्या केल्या: तिची, भावाची, माझी. माझ्या स्वयंपाकघरात सगळ्या टाइल्स, म्हणून तिने हॉलमधला आमचा लग्नाचा फोटो उतरवला आणि तिथे बिया थापल्या.

"माका इचारल्याशिवाय ह्या भिंतीक रंग लावूचो नाय."

मुलुंडला तिच्या वाट्याचं बी मात्र भावाने थापलं, आपणहून, त्या पिस्ता भिंतीवर, राखेने बरबटलेल्या हातांनी. आई मागे उभी होती.

"वायच वर थाप रे," ती त्याला म्हणाली.