वजनाचा वैरी लॉईड वॉशेक

नेब्रास्कात शाळांच्या बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या लॉईड वॉशेकने आयुष्यभर एकाच गोष्टीचा मनापासून द्वेष केला: वजनाचा. गराजमध्ये तो स्वतःच्या हाताने शर्यतीचे छोटे विमान बांधत होता. नेवाडाच्या वाळवंटातल्या शर्यतीत ते एकदा तरी उडवायचे, एवढीच त्याची इच्छा होती. बोल्टांची बाहेर आलेली टोके त्याने कापली, पेडलांना भोके पाडली, रंगाचा दुसरा हात नाकारला. निष्ठा मात्र आपल्या कुंपणात राहत नाही. यथावकाश घरातल्या चमच्यांनाही भोके पडली, लोणी बंद झाले आणि त्याची बायको अर्डिथ हिचा बिडाचा तवा माळ्यावर गेला.

"आता सूप कसं पिऊ?" अर्डिथने विचारले.

"पटकन."

शर्यतीच्या सकाळी तपासनीस क्लेटनने विमान काट्यावर चढवले आणि टोपी मागे सारली.

"लॉईडबाबा, तुझं विमान नियमात बसत नाही."

लॉईडचा चेहरा उतरला. "जड भरलं?"

"हलकं! नऊ पौंडांनी. दुपारपर्यंत वजन घाल, नाहीतर घरचा रस्ता धर."

किमान वजनाचा नियम होता खरा. पण घरी बांधलेले विमान नेहमी ठरल्यापेक्षा जडच भरते, त्यामुळे हा नियम आपल्यासाठी आहे असे आजवर कुणालाच वाटले नव्हते.

उसने काही जड मिळते का पाहत लॉईड इतर स्पर्धकांच्या हँगरमागून हँगर फिरला. हातोड्यांचे दांडे आतून पोकळ. एकाने दिलेल्या पान्याला इतकी भोके, की वाऱ्यात तो शीळ घालू लागला. "जड वस्तू? आमच्याकडे?" दुसरा दुखावून म्हणाला. ज्या समाजात सगळ्यांनी एकाच दोषाचा त्याग केलेला असतो, तिथे तो दोष उसनाही मिळत नाही.

तो परतला तेव्हा विमानाच्या शेपटीमागे बेकनचा वास दरवळत होता. अर्डिथने ट्रकच्या सीटखाली लपवून आणलेल्या तव्यावर अंडी फुटत होती.

"अर्डिथ," लॉईड हळूच म्हणाला, "केवढा जड असेल गं तवा?"

"इतक्या लाडात तर तू माझीही चौकशी केली नाहीस कधी."

"सीटमागे बसवावा लागेल. बोल्टसाठी दांड्याला भोक..." आयुष्यात प्रथमच तो ड्रिलला हात लावण्याआधी परवानगी मागत होता.

"आहे एक. टांगायचं. आधी अंडी संपव."

"पण मी खाल्लं तर वजन..."

"अरे येड्या, काट्यावर विमान चढतं, तू नाही!" काट्याजवळून क्लेटन ओरडला.

लॉईडने खाल्ले. तवा सीटमागे बसला, काटा नियमाच्या रेषेवर आला आणि विमान उडाले. ते शेवटून दुसरे आले. लॉईड उतरतो न उतरतो तोच अर्डिथ पाना घेऊन सीटमागे वाकली.

"वहिनी, थांबा! उद्या दुसरी फेरी आहे. तव्याशिवाय विमान बाद!" क्लेटन धावत आला.

लॉईडने आधी विमानाकडे, मग बायकोकडे पाहिले. तिच्या हातातला पाना त्याने काढून घेतला.

"उद्या नाश्ता झाल्यावर परत बसवू," तो म्हणाला आणि बोल्ट स्वतःच सोडवू लागला.

"घासून आण मात्र," क्लेटन म्हणाला. "चरबीचं वजन धरणार नाही."